हार्वर्डनं डिग्री दिली, पण गाण्याच्या ग्रुपात घेतलं नाही... डु बॉइस यांच्या कॉलेजच्या दिवसांची गोष्ट

साल होतं १९४६. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतल्या एका माणसाला पत्र लिहिलं.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक आपल्यावरच्या अन्यायाची दाद मागायला संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज करतायत, हे बाबासाहेबांच्या वाचनात आलं होतं. भारतातल्या अस्पृश्यांनाही असा अर्ज करता येईल का, हा विचार त्यांच्या डोक्यात होता. म्हणून त्यांनी त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागवल्या. दोन्ही समाजांची परिस्थिती किती सारखी आहे, हेही त्यांनी पत्रात लिहिलं.

३१ जुलै १९४६ या तारखेचं उत्तर आलं. उत्तर लिहिणाऱ्याला बाबासाहेबांचं नाव आधीपासून माहीत होतं. अस्पृश्यांच्या लढ्याबद्दल आपल्याला सहानुभूती आहे आणि मदत करायला आनंदच वाटेल, असं त्यांनी कळवलं.

उत्तर लिहिणारे गृहस्थ तेव्हा ७८ वर्षांचे होते. नाव, विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डु बॉइस. जगात ओळख डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस अशी.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यात मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव आपल्याकडं सगळ्यांना माहितीये. पण किंग जन्मालाही आले नव्हते, तेव्हापासून डु बॉइस लढत होते. आणि त्यांचं हत्यार जरा वेगळं होतं. ते हत्यार म्हणजे इतिहास.

हे हत्यार त्यांना कॉलेजात मिळालं. पण त्याच कॉलेजानं त्यांना आणखीही एक गोष्ट शिकवली. वर्गात बसायला जागा मिळणं आणि आपलं म्हणून स्वीकारलं जाणं, या दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

गावानं वर्गणी काढून कॉलेजला पाठवलेला पोरगा

२३ फेब्रुवारी १८६८. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रेट बॅरिंग्टन नावाच्या छोट्या गावात डु बॉइस यांचा जन्म झाला. घरात आणि गावात सगळे विलीच म्हणायचे.

गुलामगिरी कायद्यानं संपून फक्त दोनेक वर्षं झाली होती. विली अगदी लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आई मेरी लोकांच्या घरी कामं करायची. पुढं तिला अर्धांगवायूचा झटका आला, तरी ती जमेल तसं काम करत राहिली. विलीही शाळा सांभाळून मिळेल ते काम करायचा.

गाव उत्तरेतलं. दक्षिणेसारखा उघड जाच इथं नव्हता. गोऱ्या पोरांबरोबर एकाच शाळेत शिकणं, खेळणं हे सगळं चालायचं. पण एकदा वर्गातल्या पोरापोरींनी भेटकार्डं विकत आणली आणि एकमेकांना द्यायचा खेळ सुरू झाला. नव्यानं आलेल्या एका उंच मुलीनं विलीचं कार्ड घ्यायला सरळ नकार दिला. कारण एकच, रंग.

आपण बाकीच्यांपेक्षा वेगळे धरले जातो, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. त्यावर त्यानं मार्ग काढला तोही पोरसवदाच. परीक्षेत, धावण्याच्या शर्यतीत, जिथं जमेल तिथं या पोरांच्या पुढं जायचं.

शाळेचे मुख्याध्यापक होते फ्रँक हॉस्मर. त्यांनी विलीला लॅटिन, ग्रीक, बीजगणित, भूमिती असे कॉलेजला लागणारे विषय घ्यायला लावले. त्या काळात कृष्णवर्णीय पोराला असा सल्ला देणारा मास्तर मिळणं म्हणजे नशीबच. विली पंधरा वर्षांचा झाला तेव्हा न्यूयॉर्कच्या एका कृष्णवर्णीय वर्तमानपत्रासाठी गावच्या बातम्यासुद्धा पाठवायला लागला होता.

१८८४ मध्ये तो हायस्कूल पास झाला. वर्गात तो एकटाच कृष्णवर्णीय होता.

स्वप्न एकच होतं, हार्वर्ड. पण पैसा नव्हता. त्यात १८८५ मध्ये आई वारली.

मग गावच पुढं आलं. चर्चच्या मंडळींनी मिळून वर्गणी काढली आणि पोराला कॉलेजला पाठवायचं ठरवलं. मात्र हार्वर्डला नाही. दक्षिणेतल्या नॅशव्हिल शहरात कृष्णवर्णीयांसाठी काढलेलं फिस्क नावाचं विद्यापीठ होतं, तिथं.

यात भलेपणा होता, तसाच एक समजही होता. या पोराची जागा त्याच्याच लोकांत आहे, हा तो समज. विलीला हार्वर्ड हुकल्याचं वाईट वाटलं. पण फिस्कला जाणं हे आपल्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वळण होतं, हे त्याला लवकरच कळणार होतं.

फिस्क : इथं तो घरचा होता

फिस्क १८६६ मध्ये सुरू झालं होतं. कॉलेज पैशाअभावी बंद पडायची वेळ आली, तेव्हा तिथल्याच विद्यार्थ्यांचं एक गायनमंडळ उभं राहिलं. ते फिस्क ज्युबिली सिंगर्स. गुलामीच्या काळातली आपल्या आजी-आजोबांची गाणी गात ही पोरं अमेरिका आणि युरोपभर फिरली. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीसमोरही गायली. त्या पैशातून कॉलेजची ज्युबिली हॉल ही भव्य इमारत उभी राहिली.

विद्यार्थ्यांनी गाऊन वाचवलेलं कॉलेज. अशा ठिकाणी सतरा वर्षांचा विली येऊन दाखल झाला.

आयुष्यात पहिल्यांदाच तो अशा वर्गात बसला जिथं सगळे त्याच्यासारखे होते. त्यातले कित्येक जण जन्मानं गुलामांची पोरं. काहींनी हिंसाचार डोळ्यांनी पाहिला होता. शहरात जाताना काही पोरं खिशात पिस्तूल बाळगायची. गावाकडं कार्ड नाकारलं जाण्याचं दुःख घेऊन आलेल्या विलीला कळलं, की आपण पाहिलंय ते काहीच नाही.

एकदा नॅशव्हिलच्या रस्त्यात त्याचा एका गोऱ्या बाईला चुकून धक्का लागला. त्यानं टोपी काढून माफी मागितली. तर बाई आणखीनच भडकली. हा माणूस आपल्याशी बोललाच कसा, हा तिचा राग होता. दक्षिणेत त्याला चुकीबद्दल माफी मागण्याचाही हक्क नव्हता.

पण कॉलेजच्या आवारात मात्र तो फुलला. मोझार्ट सोसायटी या गायनमंडळात गायला लागला. भाषणं ठोकायला लागला. 'फिस्क हेराल्ड' या विद्यार्थ्यांच्या मासिकात लिहिता लिहिता त्याचा संपादक झाला. आपल्याकडं गॅदरिंगपासून भित्तिपत्रकापर्यंत सगळीकडं पुढं असणारा एक जण असतो ना, फिस्कमध्ये तो जण म्हणजे विली डु बॉइस.

हे 'फिस्क हेराल्ड' नाव लक्षात ठेवा. पुढं ते परत येणार आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली शाळा आणि जोसी

सुट्टीत बाकीची पोरं पैसे कमवायला जायची. विलीनं ठरवलं, खेड्यात जाऊन मास्तरकी करायची.

टेनेसीच्या ग्रामीण भागात तो शाळा शोधत पायी हिंडला. शेवटी जोसी नावाच्या वीसेक वर्षांच्या मुलीनं त्याला सांगितलं, डोंगरापलीकडच्या आमच्या वस्तीला मास्तर हवाय. युद्ध संपल्यापासून तिथं फक्त एकदाच शिक्षक येऊन गेला होता. जोसीला स्वतःला शिकायची प्रचंड ओढ होती.

शाळा म्हणजे मक्याचं कोठार म्हणून वापरलेली लाकडी ओंडक्यांची खोपट. मास्तरची खुर्ची घरमालकिणीकडून उसनी आणलेली, ती रोज संध्याकाळी परत द्यावी लागायची. पगार महिना तीसेक डॉलर.

शाळा मंजूर झाली त्या दिवशी अधिकाऱ्यानं विलीला आणि दुसऱ्या एका गोऱ्या शिक्षकाला जेवायला थांबवून घेतलं. आधी ते दोघं गोरे जेवले. त्यांचं उरकल्यावर विलीला एकट्याला वाढलं. आपल्याकडच्या वाचकाला या प्रसंगाचा वेगळा अर्थ सांगायची गरज नाही.

दोन उन्हाळे त्यानं तिथं शिकवलं. दहाएक वर्षांनी तो परत त्या वस्तीत गेला, तेव्हा जोसी या जगात नव्हती. घरासाठी राबता राबता ती गेली. शाळेत जाऊन शिकायचं तिचं राहूनच गेलं.

डु बॉइस यांनी पुढं तिच्यावर लिहिलं. ते त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकातलं एक प्रकरण आहे. कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात जोसीला जागा नव्हती, ती तिला तिच्या मास्तरनं दिली.

हार्वर्ड : वर्ग मिळाला, कट्टा नाही

१८८८ मध्ये फिस्कची डिग्री मिळाली. त्याच उन्हाळ्यात फिस्कच्या गायनमंडळातली काही पोरं मिनेसोटातल्या एका तळ्याकाठच्या हॉटेलात काम करायला गेली. डु बॉइस त्यांचा व्यवस्थापक. पाहुण्यांपुढं गायचं, हॉटेलात पडेल ते काम करायचं आणि चार पैसे गाठीला बांधायचे.

आणि मग शिष्यवृत्ती मिळवून गडी अखेर हार्वर्डला पोहोचला. पण हार्वर्डनं फिस्कची पदवी पूर्ण धरली नाही. पदवीच्या तिसऱ्या वर्षात बसवलं. म्हणजे पदवीधर झालेल्या माणसाला पुन्हा पदवी करायला लावली.

कॉलेजच्या हॉस्टेलात न राहता त्यानं जवळच फ्लॅग स्ट्रीटवर एका कृष्णवर्णीय बाईंच्या घरात खोली भाड्यानं घेतली.

शिकवायला माणसं मोठी होती. विल्यम जेम्स यांच्यासारखा नावाजलेला तत्त्वज्ञ त्याला घरी बोलवायचा. तत्त्वज्ञान हा डु बॉइसचा आवडता विषय. पण तत्त्वज्ञानावर पोट भरणं अवघड आहे, हा व्यवहारी सल्ला जेम्स यांनीच दिला. मग तो इतिहासाकडं वळला. तिथं त्याला अल्बर्ट बुशनेल हार्ट भेटले.

आता इथं त्या काळातली एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे.

इतिहास म्हणजे राजांच्या गोष्टी पाठ करणं, ही पद्धत तेव्हा मागं पडत होती. जर्मनीतून नवी रीत आली होती. मूळ कागद शोधायचे. कायदे, पत्रं, हिशेब, सरकारी नोंदी वाचायच्या. वर्गात टेबलाभोवती बसून पुराव्यावर वाद घालायचा. जे कागदावर दाखवता येत नाही, ते बोलायचं नाही.

ज्या समाजाबद्दल सगळे नुसते ग्रह करून बोलत होते, त्या समाजातून आलेल्या पोराला ही रीत म्हणजे खजिनाच वाटली. कारण पुराव्याला रंग नसतो.

अभ्यास झकास चालला होता. पण कॉलेज म्हणजे नुसता अभ्यास नसतो.

डु बॉइसचा आवाज चांगला होता, फिस्कमध्ये तो गाजला होता. म्हणून त्यानं हार्वर्डच्या ग्ली क्लबसाठी, म्हणजे कॉलेजच्या गायनमंडळासाठी प्रयत्न केला. नकार मिळाला. देशभर दौरे करणाऱ्या हार्वर्डच्या मंडळात एक कृष्णवर्णीय गायक चालणार नाही, हे आपल्याला आधीच कळायला हवं होतं, असं त्यांनी म्हातारपणी लिहून ठेवलंय.

ज्या पोरांची गाणी ऐकायला इंग्लंडची राणी बसली होती, त्यांच्या कॉलेजातून आलेल्या पोराला हार्वर्डच्या ग्रुपात जागा नव्हती.

यानंतर त्यानं गोऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळांचा नाद सोडला. वर्ग, ग्रंथालय, प्राध्यापक एवढ्यापुरतंच हार्वर्ड आपलं, हे मनाशी पक्कं केलं.

मग त्यानं स्वतःचं कॉलेज लाइफ उभं केलं

खरा विषय इथं सुरू होतो. ग्रुपात घेतलं नाही म्हणून पोरगा खोलीत तोंड लपवून बसला नाही.

बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. आसपासच्या कॉलेजांत शिकणारी कृष्णवर्णीय मुलंमुली होती. डु बॉइस त्यांच्यात मिसळला. सहली निघाल्या, चर्चासत्रं झाली, व्याख्यानं झाली. ॲरिस्टोफेनिसचं 'द बर्ड्स' हे ग्रीक नाटक या पोरांनी एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये बसवलं. ज्यांच्या आईबापांना अक्षर शिकायची बंदी होती, ती पोरं आता ग्रीक नाटक करत होती.

त्यांच्यातली मॉड क्यूनी ही मुलगी बॉस्टनमध्ये संगीत शिकत होती. हॉस्टेलमध्ये तिच्या राहण्यावर दक्षिणेतल्या गोऱ्या मुलींच्या पालकांनी आक्षेप घेतला आणि तिनं दुसरीकडं राहायला जावं असा दबाव आला. मॉडनं हॉस्टेल सोडायला नकार दिला. कृष्णवर्णीय विद्यार्थी तिच्या बाजूनं उभे राहिले, त्यात डु बॉइस होता.

१८९० मध्ये हार्वर्डची पदवी मिळाली. पदवीदान समारंभात बोलायची संधी मोजक्या विद्यार्थ्यांना मिळते. त्या वर्षी त्यात डु बॉइसचं नाव होतं.

त्यानं विषय निवडला जेफरसन डेव्हिस. हा कोण? तर गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांचा अध्यक्ष. काही महिन्यांपूर्वीच वारला होता आणि दक्षिणेत त्याचे गोडवे गायले जात होते.

समोर बसलेल्यांना वाटलं असेल, हा आता शिव्याशाप देणार. पण त्यानं तसं काही केलं नाही. डेव्हिसला एका संस्कृतीचा नमुना म्हणून समोर ठेवलं आणि ताकदीच्या जोरावर दुसऱ्याला चिरडून पुढं जाणारी संस्कृती शेवटी कुठं जाते, हे थंड डोक्यानं मांडलं. बावीस वर्षांच्या पोराच्या त्या भाषणाची वर्तमानपत्रांनी दखल घेतली.

गाणं नाकारलेल्या हार्वर्डला त्याचं बोलणं मात्र ऐकावं लागलं.

माजी राष्ट्राध्यक्षाशी पंगा

१८९१ मध्ये इतिहासात एमए झालं. आता त्याला जर्मनीत शिकायला जायचं होतं.

स्लेटर फंड नावाचा एक निधी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी होता. त्याचे प्रमुख होते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रदरफोर्ड हेस. युरोपात पाठवण्याजोगा कृष्णवर्णीय विद्यार्थी मिळाला तर आम्ही पैसे देऊ, पण तसा कुणी सापडलेला नाही, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं छापून आलं होतं.

डु बॉइसनं थेट अर्ज केला. हेस यांच्याकडून उत्तर आलं, की ती योजना आता गुंडाळली आहे.

यावर त्यानं माजी राष्ट्राध्यक्षाला कडक शब्दांत पत्र लिहिलं. शिष्यवृत्ती मिळाली नाही हे एक वेळ चालेल, पण लायक माणूसच नाही असं जगाला सांगून तुम्ही एका सबंध समाजाची बदनामी केली, ती भरून काढा, असा त्याचा मुद्दा होता. सोबत प्राध्यापकांच्या शिफारशींची रांग लावली.

१८९२ मध्ये फंडानं ७५० डॉलर मंजूर केले. निम्मे मदत, निम्मे कर्ज.

बर्लिन : नुसता माणूस म्हणून जगलेली दोन वर्षं

१८९२ ते १८९४ डु बॉइस बर्लिन विद्यापीठात होता. गुस्ताव श्मोलर यांच्याकडं अर्थशास्त्र आणि इतिहास शिकला. आकडे गोळा करा, आधी परिस्थिती नीट समजून घ्या, मग मत द्या, ही श्मोलर यांची शिस्त त्याच्या अंगात मुरली.

त्याहून मोठी गोष्ट वर्गाबाहेर घडली. इथं लोक त्याच्या शेजारी बसत होते. घरी जेवायला बोलवत होते. हातात काठी, हातमोजे, कैसरसारखी दाढी-मिशी, ऑपेरा, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून युरोपची भटकंती. जे विद्यार्थीजीवन हार्वर्डनं दिलं नाही, ते परक्या देशानं दिलं.

अर्थात तिथंही सगळं गोडगोड नव्हतं. ट्राइट्श्के नावाच्या प्रसिद्ध इतिहासकारानं भर वर्गात मिश्र वंशाचे लोक खालच्या दर्जाचे असतात असं ठणकावून सांगितलं, तेव्हा डु बॉइस त्याच वर्गात बसलेला होता. इतिहासाचा विद्वानसुद्धा पुराव्याशिवाय बोलतो, हा धडा त्याला तिथं फुकट मिळाला.

२३ फेब्रुवारी १८९३ ला पंचविसावा वाढदिवस आला. त्या रात्री खोलीत एकटाच मेणबत्ती लावून बसला आणि आयुष्याचं काय करायचं ते वहीत लिहून काढलं. अभ्यासात नाव कमवायचं, लेखनात नाव कमवायचं आणि त्यातून आपल्या समाजाला वर आणायचं.

बर्लिनची डॉक्टरेट मात्र हुकली. नियमाप्रमाणे विद्यापीठात आणखी काही काळ राहणं भाग होतं आणि स्लेटर फंडानं मुदत वाढवून दिली नाही. रिकाम्या खिशानं तो अमेरिकेला परतला.

कायदा झाला होता, पाळला कुणी?

१८९५ मध्ये डु बॉइस हार्वर्डमधून पीएचडी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. प्रबंधाचा विषय होता आफ्रिकेतून अमेरिकेत होणारा गुलामांचा व्यापार आणि तो बंद करण्याचे प्रयत्न. १८९६ मध्ये हार्वर्डनं इतिहासाची नवी ग्रंथमाला सुरू केली, तिचा पहिलाच खंड हा प्रबंध होता.

अमेरिकेनं बाहेरून गुलाम आणायला १ जानेवारी १८०८ पासून बंदी घातली होती. शाळेत एवढंच शिकवलं जायचं. डु बॉइस यांनी कायदे, संसदेच्या नोंदी, अहवाल चाळून दाखवलं, की बंदीनंतरही चोरटा व्यापार चालू राहिला. कारण कापसाचा पैसा मोठा होता आणि कायदा राबवायची इच्छा छोटी. कायदा कागदावर असणं आणि जमिनीवर असणं यात किती अंतर असतं, हे त्यांनी कागदांनीच सिद्ध केलं.

पुढं फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्तीत ते स्वतः घरोघर फिरले, हजारो लोकांची माहिती गोळा केली. १८९९ मध्ये त्यावर पुस्तक आलं.

पण त्याच वर्षी त्यांची एका गोष्टीवरची श्रद्धा हलली.

ते तेव्हा अटलांटा विद्यापीठात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवायचे. जवळच्या भागात सॅम होज नावाच्या कृष्णवर्णीय मजुराला जमावानं हालहाल करून मारलं. डु बॉइस नेमस्तपणे, पुरावे मांडणारं एक पत्र घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीकडं निघाले. वाटेत कळलं, की होजच्या बोटांची हाडं त्याच रस्त्यावरच्या एका दुकानात मांडून ठेवलीयेत.

ते अर्ध्या वाटेवरून मागं फिरले. लोकांना सत्य सांगितलं की ते सुधारतात, हा विचार अपुरा आहे हे त्यांना कळलं. त्याच मे महिन्यात त्यांचा लहानगा मुलगाही आजारात गेला.

त्यानंतरचे डु बॉइस अभ्यासक तर राहिलेच, पण लढवय्येही झाले. १९०३ मध्ये 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हे पुस्तक आलं, जोसी भेटते ती यातच. १९०९ मध्ये एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना उभी करण्यात ते होते. १९१० पासून तिच्या 'द क्रायसिस' मासिकाचे ते संपादक झाले. 'फिस्क हेराल्ड'मध्ये गिरवलेली संपादकी आता देशभर पोहोचत होती.

एका मोठ्या अक्षराचं भांडण

इतिहासाशी त्यांची सगळ्यात मोठी लढाई पुढं झाली.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. पुढची बाराएक वर्षं दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मतदान करता आलं, निवडून येता आलं. या काळाला रिकन्स्ट्रक्शन म्हणतात. नामांकित इतिहासकार लिहीत होते, की तो काळ म्हणजे नुसता गोंधळ आणि भ्रष्टाचार, कारण या लोकांची राज्य करायची लायकीच नव्हती. या विचाराचं मोठं केंद्र होतं न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. तेच कोलंबिया, जिथं पुढं १९१३ मध्ये बाबासाहेब शिकायला गेले.

हे नुसतं पुस्तकी भांडण नव्हतं. असा इतिहास दाखवूनच कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क हिरावून घेणं योग्य ठरवलं जात होतं.

१९०९ मध्ये डु बॉइस यांनी इतिहासकारांच्या परिषदेत उलटी बाजू मांडली. दक्षिणेत सार्वजनिक शाळा याच काळात उभ्या राहिल्या, लोकशाही रुजवणारे कायदे याच काळात झाले, हे दाखवलं. पुढच्या वर्षी तो निबंध इतिहासाच्या प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला. त्यांनी फक्त एक विनंती केली होती. निग्रो या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं छापा. आपल्या देवनागरीत हा प्रकार नाही, पण इंग्रजीत माणसांच्या आणि समाजांच्या नावांचं पहिलं अक्षर मोठं असतं. संपादकांनी नकार दिला.

१९३५ मध्ये त्यांनी याच विषयावर 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' हा सातशेहून जास्त पानांचा ग्रंथ लिहिला. शेवटच्या प्रकरणात देशातल्या शालेय पुस्तकांचा आणि इतिहासकारांचा पंचनामा केला. तेव्हा बऱ्याच विद्वानांनी दुर्लक्ष केलं. काही दशकांनी मात्र अमेरिकेनं रिकन्स्ट्रक्शनचा इतिहास नव्यानं लिहिला, तो डु बॉइस यांनी दाखवलेल्या दिशेनंच.

फिस्कची पोरं पेटली तेव्हा

आता ते 'फिस्क हेराल्ड' आठवा.

१९२४ मध्ये डु बॉइस यांची मुलगी योलांड फिस्कमधूनच पदवीधर झाली. त्या वेळी वडिलांना भाषणाला बोलावलं होतं.

कॉलेज बदललं होतं. गोरे अध्यक्ष फेयेट मॅकेंझी यांनी श्रीमंत देणगीदारांकडून मोठा निधी आणला होता. पण त्यासाठी विद्यार्थ्यांना मुठीत ठेवलं होतं. विद्यार्थ्यांचं प्रतिनिधी मंडळ नाही. मुलींनी काय घालायचं, मुलामुलींनी कधी भेटायचं यावर कडक नियम. आणि 'फिस्क हेराल्ड' बंद.

छप्पन्न वर्षांचे डु बॉइस उभे राहिले आणि अध्यक्ष समोर असतानाच सगळं बोलले. पैशासाठी पोरांचा स्वाभिमान गहाण ठेवणारं कॉलेज हे कॉलेज नव्हे, असा त्या भाषणाचा सूर होता. पुढं 'द क्रायसिस'मधूनही त्यांनी हा विषय लावून धरला.

फेब्रुवारी १९२५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले. अध्यक्षांनी शहरातले गोरे पोलीस बोलावून काही पोरांना पकडायला लावलं. मग विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, अनेक जण सरळ घरी निघून गेले. एप्रिलमध्ये मॅकेंझी यांनी राजीनामा दिला.

१८८५ मध्ये फिस्कनं एका पोरक्या पोराला आपलं म्हटलं होतं. चाळीस वर्षांनी त्यानं ते परत केलं.

उशिरा आलेल्या पदव्या

शेवटची वर्षं सोपी नव्हती. शांततेच्या चळवळीत काम केल्यामुळं ८३ व्या वर्षी परकीय देशाचे हस्तक असल्याचा खटला त्यांच्यावर चालला. त्यातून सुटले, तरी कित्येक वर्षं पासपोर्ट मिळाला नाही. १९५८ मध्ये पासपोर्ट परत मिळाला आणि त्याच वर्षी बर्लिनच्या विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. नियमाच्या अडचणीत १८९४ ला हुकलेली पदवी वयाच्या नव्वदीत आली.

१९६१ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले आणि आफ्रिकेतल्या घानाला गेले. आफ्रिकी लोकांचा ज्ञानकोश लिहायचं काम हातात होतं. २७ ऑगस्ट १९६३ ला अक्रा शहरात त्यांचं निधन झालं. वय ९५.

दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख लोक जमले. मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते जगप्रसिद्ध भाषण झालं तोच मोर्चा. त्या गर्दीला व्यासपीठावरून सांगण्यात आलं, की ज्या माणसानं या शतकाच्या सुरुवातीला तुम्हाला हाक दिली होती, तो काल गेला.

१९७५ मध्ये हार्वर्डनं कृष्णवर्णीयांच्या अभ्यासासाठी संशोधन संस्था काढली. तिला नाव दिलं डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचं. ग्ली क्लबमध्ये जागा नव्हती, त्याला आता सगळी संस्था नावावर मिळाली. पण त्यासाठी मध्ये ८५ च्या वर वर्षं जावी लागली.

आजही कॉलेजात प्रवेश मिळतो, फी माफ होते, वर्गात बाक मिळतो. तरी कुणाला तरी कट्ट्यावर, मेसमध्ये, ग्रुपमध्ये आडनाव विचारून बाजूला ठेवलं जातं. डु बॉइस यांनी अशा वेळी आपल्यासारख्या पोरांना गोळा करून नाटक बसवलं, मैत्रिणीच्या हॉस्टेलसाठी भांडले आणि परत जाऊन ग्रंथालयात मूळ कागद वाचत बसले.